साहेब 'अहो' म्हणाले की घाबरायचं!

ऑफिसचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ड्रॉवरमध्ये यू-पिना टाकून ठेवा, महिन्याने एक उचला, दहा लटकून वर येतात. तसंच आहे हे. टपरीवर कुणीतरी सहज विचारतं, "काय रे जयेश, तुमचा तो कोल्हापूरसाईडचा वकील काय म्हणतो?" आणि माझा कटिंग गार होतो.

फरक एवढाच, की बाकीच्यांच्या किश्शात शेवटी कायतरी कळतं. मला माझ्या किश्शांत अर्ध्या वेळा काय चाललंय तेच कळलेलं नसायचं!

आधी माणसं सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ नको. माझा झाला तेवढा पुरे.

ऑफिस सीबीडी बेलापूरला. देसाई वकिलांचं. दोन खोल्या, एक झेरॉक्स मशीन आणि छतापर्यंत फायली. साहेब गडहिंग्लजच्याही खालचे. त्यांच्या गावाच्या पुढे चार पावलं टाकली की दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये. बेलापुरात येऊन जन्म गेला, पण भाषा एक इंच हलली नाही. कोर्टात एकदम शुद्ध, पुस्तकात छापावं असं बोलायचे. ऑफिसचा उंबरा ओलांडला की गाव सुरू.

दुसरे मुनीरभाई. म्हसळ्याकडचे, अठरा वर्षं साहेबांचे हेड क्लार्क. साहेबांच्या बोलण्याचा अर्थ सांगणं हेही त्यांचंच खातं.

तिसरा मी. जयेश मढवी, राहणार घणसोली गाव. आम्ही आगरी माणसं. पोटात एक आणि ओठात एक, हे आम्हाला जमत नाही. हो तर हो, नाय तर नाय!

मला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. "बघू," एवढंच साहेब म्हणाले होते. आधी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. एक कुरियरचं ऑफिसच बंद पडलं, दुसरीकडे फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. बाबा म्हणायचे, "आपल्या रूमा हाईत भाड्याच्या, त्या बघ. नोकरी तुझा काम नाय." ते ऐकलं की माझ्या डोक्यात जायचं. मला ही नोकरी टिकवायचीच होती. हात जोडून सांगतो, एवढं मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि या ऑफिसात कायम झाल्याचं पत्र वगैरे मिळत नाही. चावी मिळते! ऑफिसची एक चावी साहेबांकडे, एक मुनीरभाईंच्या कमरेला. तिसरी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. माझ्या आधीचे तिघे तिला हात न लावताच गेले होते.

*

सुरुवात इंटरव्ह्यूपासून करतो.

साहेबांनी माझा अर्ज लांब धरून वाचला, मग जवळ आणला, मग उलटा केला.

"हे अक्षर हाय व्हय? मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यात!"

मी शर्टाची बाही नीट केली.

"आणि उभा असा काय राहिलाईस? लगीनघरात वाढपी बोलवायचं विसरल्यागत तोंड झालंय. बीकॉमला किती?"

"सेकंड क्लास."

"म्हंजे पडला न्हाईस. तेवढं तरी बरं केलास."

मग साहेबांनी फायलीत डोकं घातलं. मी उभाच. पाच मिनिटांनी वर बघून म्हणाले, "अजून हाईस? सकाळी साडेनऊ. आणि हे बूट घालून येऊ नको, नांगरटीला ट्रॅक्टर आल्यागत वाजाल्यात."

घरी आलो. आईने दारातच विचारलं, "लागली का नोकरी?"

मी म्हटलं, "म्हायती नाय. पन उद्या चपला घालून जायाचा हाय."

*

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. साहेब मला दिवसातून आठ-दहा वेळा 'बेण्या' म्हणायचे. "ए बेण्या, फाईल आण." "बेण्या, स्टॅम्प कुठं ठेवलास?" मी मनातून खचत चाललो होतो. एक दिवस मुनीरभाईंना टपरीवर घेऊन गेलो आणि म्हटलं, खरं सांगा, हा माणूस मला हाकलणार आहे ना?

मुनीरभाई म्हणाले, "अरे बाबा, त्यांच्याकडे उसाची लावण करायला जो तुकडा ठेवतात, त्याला बेणं म्हणतात. आपल्या माणसाला प्रेमाने तेच म्हणतात. घाबरायचं कधी, ते तुला आज दाखवतो."

त्या दिवशी एक पार्टी यायची होती. त्या माणसाने साहेबांपासून कागद लपवले होते आणि सुनावणीत साहेबांना तोंडघशी पाडलं होतं. मला वाटलं, आज साहेब त्याला सोलणार! मी झेरॉक्स मशीनच्या मागे जागा धरून उभा.

तो आला. साहेब खुर्चीतून उठले. स्वतःच्या हाताने त्याला पाण्याचा ग्लास दिला.

"अहो, बसा. दमला असाल. आपण जे केलंत ते फार चांगलं केलंत. आता निवांत घरी जावा."

एक 'जावा' सोडला तर शुद्ध भाषा! आवाज एकदम मऊ. तो माणूस खुशीत बाहेर पडला. जिन्यात फोनवर सांगत होता, "वकील एकदम खूश आहे माझ्यावर!"

साहेबांनी त्याची फाईल दोरी बांधून मुनीरभाईंकडे दिली. "ही त्याच्या घरला पोचवा." त्यानंतर तो सात वेळा आला. सातही वेळा त्याला पाणी मिळालं, वकील काही मिळाला नाही.

मुनीरभाई माझ्या कानात म्हणाले, "बघितलंस? साहेबांनी पाणी दिलं, 'अहो' म्हणाले आणि 'जावा' म्हणाले की विषय संपला. 'जावा' हा शब्द ते आपल्या माणसाला कधी म्हणत नाहीत. स्वतः बाथरूमला जाताना पण 'येतो' म्हणून उठतात."

मी ते लिहूनच घेतलं. पाणी. अहो. जावा.

*

आता डब्याचं ऐका.

एक दिवस दुपारी माझा डबा घरीच राहिला. साहेब डबा उघडता उघडता म्हणाले, "जेवलास काय?"

"नाही."

"बस की मग."

बसलो.

"घे की."

घेतलं! ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, वर दह्यातली मिरची. काय चव होती! साहेब "घे की, घे की" म्हणत होते, मी घेत होतो. आमच्याकडे कोणी वाढलं आणि आपण नको म्हटलं तर वाढणाऱ्या बाईला राग येतो. मी तिन्ही भाकऱ्या संपवल्या आणि डब्याला लागलेला झुणकाही बोटाने पुसून घेतला.

मान वर केली तर मुनीरभाई कपाळाला हात लावून बसलेले.

बाहेर नेऊन मला म्हणाले, "अरे, त्यांच्याकडे तीनदा नको म्हणायचं असतं! मग चौथ्यांदा ते घास देतात, तो घ्यायचा. तू पहिल्याच बॉलला डबा गिळलास!"

 साहेब खाली जाऊन वडापाव खाऊन आले. माझ्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं पोरगं लाजंल. ह्यानं तर डबा घासायचं पन काम ठेवलं न्हाई!"

हे काय होतं? कौतुक की टोमणा? मी मुनीरभाईंकडे बघितलं. ते म्हणाले, "अठरा वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकतोय. माझ्याकडे याचा अर्थ नाही."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा डबा तीनाचा चार खणांचा झाला. वरच्या खणावर वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, चिठ्ठी चिकटवली होती : 'खादाडासाठी.' ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

*

तळवलीच्या भिकाबाय आजीशिवाय ही यादी पुरी होणार नाही. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी गुडघ्यापर्यंत, कानात जड सोनं. वडिलांच्या घराच्या वारसांत तिचं नाव लावायचं होतं. तिचं बोलणं आमच्या गावचं, साहेबांचं त्यांच्या गावचं. मला मधे बसवलं, दुभाषी म्हणून!

आजीने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "माझा काम होईल का नाय, येकच सांग."

साहेब म्हणाले, "आज्जी, सरकारी काम म्हंजे पहिलटकरीण म्हैस. कासंला हात लावला की लाथ घालतीया. गोंजारत बसाय लागतंय."

आजी माझ्याकडे वळली. "म्हशीचा काय बोलतंय यो? मी म्हैस कवाच विकली."

मी म्हटलं, "आजी, वेळ लागेल म्हणतात."

"मंग तसा बोल ना! वेल लागंल बोलायला म्हैस कशाला आनली मधी?"

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हनाली?"

आता हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "आजी म्हणतात, बरं."

"खोटं बोलालाईस, बेण्या. एवढं बोलून नुसतं बरं व्हय?"

तासभर असं चाललं. आजी दर वाक्याला साहेबांना झापत होती आणि साहेबांच्या तोंडावरचं हसू वाढत चाललं होतं. शेवटी उठताना तिने साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. "येरा हाय, पन चांगला हाय." येरा म्हणजे आमच्याकडे वेडा.

ती गेल्यावर साहेबांनी तिची खुर्ची स्वतःच्या हाताने सरळ केली. मग म्हणाले, "आमची आई अशीच बोलायची रं." चष्मा काढून पुसला. फी घ्यायची नाही असं मुनीरभाईंना सांगितलं. त्यानंतर दिवसभर मला एकदाही बेण्या म्हटलं नाही, आणि मी घाबरून दोनदा पाणी प्यायलो.

*

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोटीस.

साहेब येरझाऱ्या घालत तोंडी सांगायचे, मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो. आमच्या पार्टीला एका बिल्डरने दोन वर्षं पार्किंग दिलं नव्हतं. साहेब सांगत होते, "आमचे अशिलांच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की..." आणि मधेच त्यांच्यातलं गाव जागं झालं. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. साहेब बोलतात ते लिहायचं, एवढं मला माहीत!

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. चार दिवसांनी मुनीरभाई ऑफिस कॉपी वाचत होते. वाचता वाचता ते उठून उभे राहिले.

दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ छापलं होतं : 'तरी आपण आजमितीस पार्किंग दिलेले नाही. ह्यो मानूस म्हंजे पावसात भिजलेलं कुत्रं हाय, जवळ जाईल तिथं अंग झाडतंय आन दुसऱ्याचं कपडं घाण करतंय. सबब पंधरा दिवसांचे आत...'

खाली साहेबांची सही! न वाचता केलेली.

 मुनीरभाई म्हणाले, "जयेश, आपण दोघं मिळून दुसरी नोकरी शोधू." तेवढ्यात फोन वाजला. बिल्डर स्वतः! मी फोन साहेबांना दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

साहेब फक्त "व्हय... व्हय... कुठलं गा?... चंदगड?" एवढंच बोलत होते.

संध्याकाळी बिल्डर ऑफिसात हजर. सोन्याचं कडं, पांढरी गाडी. आल्या आल्या म्हणाला, "साहेब, तीस वर्षं झाली गाव सोडून. वकिलांच्या नोटिसा मायंदाळ येत्यात, पन आज कुणीतरी घरच्यागत शिवी घातली. आमचे आण्णा मला हेच म्हणायचे. भिजलेलं कुत्रं!"

दोघं दोन तास बोलत बसले. कुणाच्या उसाला कुठला कारखाना, कुठल्या जत्रेत कुणी कुणाला आसमान दाखवलं. कामाचा विषय दोन मिनिटं निघाला. महिन्याभरात आमच्या पार्टीला पार्किंग मिळालं.

बिल्डर गेल्यावर साहेबांनी मला समोर उभं केलं. नोटीस पूर्ण वाचली. वर बघितलं.

"तू बेणं न्हाईस."

मी दाराकडे बघितलं.

"तू बेण्याचा अख्खा फड हाईस!"

मी मुनीरभाईंकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले.

*

पाचवा महिना संपून सहावा लागला. माझ्या चुलतभावाची हळद आली. आता आमच्याकडची हळद म्हणजे काय ते आगऱ्यांनाच विचारा. लग्न एकवेळ तासात उरकेल, हळद नाही! मी दोन दिवसांची सुट्टी मागितली.

साहेब म्हणाले, "हळदीला दोन दिस? आमच्यात एवढ्या वेळात लगीन लागून पोरगं बालवाडीत जातंय!"

हे हो की नाही? मी विचारलं, "मग साहेब, घेऊ सुट्टी?"

"मी काय तुझ्या पायाला दावं बांधलंय?"

मुनीरभाई म्हणाले, साठ टक्के हो. चाळीस टक्क्यांचं टेन्शन घेऊन मी हळदीला बसलो.

दुपारी चारचा सुमार. मांडवात बायका, धवलारीण गाणी म्हणतेय, स्पीकरची टेस्टिंग चाललेली. आणि गल्लीच्या तोंडाशी देसाई साहेब! हातात नारळ, अंगात कोर्टाचा पांढरा शर्ट. मी हळदीच्या हाताने धावलो.

साहेबांनी मांडव बघितला, दीड माणूस उंचीचे स्पीकर बघितले. म्हणाले, "हे वाजलं की समुद्र चार हात मागं सरत असंल!" मग जेवायला बसले. वाढणाऱ्याला पहिल्यांदा नको म्हणाले आणि तो खरंच पुढे गेला. दुसऱ्यांदा साहेब शिकले. सुक्या जवळ्याला तर त्यांनी तीनदा हात पुढे केला.

मी आईला बोलावून आणलं. साहेब भरल्या ताटावरून तिला म्हणाले, "वहिनी, तुमचं पोरगं म्हंजे एक नंबरचं बेणं हाय! ह्याच्यासारखं दुसरं बेणं मी बघितलं न्हाई."

आईचा चेहरा लाल झाला. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तोवर उशीर झाला होता.

"आमचे घरा येऊन, आमचे ताटान जेवून, आमचेच पोऱ्याला नावा ठेवतंस? तुझ्या हापिसान गुलाम हाय का तो?"

धवलारीण थांबली! साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतले, आईला वाकून नमस्कार केला. आणि "येतो" म्हणून निघून गेले. मी मागून गेलो, पण त्यांनी वळून बघितलं नाही. मला आईचा राग आला आणि आईचीच दया आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

त्यानंतरचे तीन आठवडे म्हणजे नुसता छळ!

सोमवारी साहेब म्हणाले, "ए बे..." आणि थांबले. "जयेश, फाईल आण." मंगळवारी, "फाईल आणतोस का?" बुधवारी, "फाईल मिळेल का?"

मी आणि मुनीरभाई रोज टपरीवर हिशेब मांडायचो. आज बेण्या किती? शून्य. भिजलेलं कुत्रं, माजलेली म्हैस, काही? काही नाही. मी मुद्दाम चुका करून बघितल्या. स्टॅम्प उलटा मारला. साहेबांनी तो कागद बघितला, गाल फुगवले, दात दाबले आणि म्हणाले, "असू दे. होतं कधीकधी."

होतं कधीकधी! मी संडासात जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

मुनीरभाईंचाही धीर सुटला. "अठरा वर्षांत असं पाहिलं नाही बाबा. तू आईकडून माफी मागवून घे."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माफी? उलट तुझ्या बापाला धारते मी तिथं, जाब विचारायला!"

*

आणि सहा महिन्यांचा शेवटचा दिवस उजाडला. शुक्रवार.

अकरा वाजता दार उघडलं. बाबा! इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आईने खरंच पाठवलं होतं. मी झेरॉक्स मशीनशीच होतो, तिथेच बटण दाबून राहिलो. एकाच कागदाच्या चाळीस कॉप्या निघाल्या.

"साहेब, मी जयेशचा बाप. घनसोलीशी आयलू. येक विचारायचा हाय. तुमी आमचे पोऱ्याला काय काय बोलता?"

साहेब खुर्चीतून उठले.

"या, या. बसा." आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरून बाबांपुढे ठेवला. दुसरा भरला. तो माझ्यापुढे!

"अहो जयेशराव, घ्या, पाणी घ्या."

जयेशराव! मी मुनीरभाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

साहेब बाबांना कोर्टातल्या भाषेत म्हणाले, "आपले चिरंजीव अतिशय सुस्वभावी आहेत. काम फार चांगलं करतात. आपण काळजी करू नये."

अहो झालं. पाणी झालं. फार चांगलं झालं. आता फक्त 'जावा' राहिलं होतं.

बाबा एकदम खूश. जिन्यात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझी आई उगाच बोलतं. देवमानूस हाय! तुला राव बोल्ला!" मी त्यांना काय सांगणार? रिक्षात बसवून दिलं. तिसरी नोकरी गेली म्हणून त्यांना संध्याकाळी सांगायचं होतं. कसं सांगायचं तेच मला कळेना.

पाच वाजले. मी टेबल आवरलं. माझा कप, छत्री, निळं पेन, घरून आणलेला चमचा, 'खादाडासाठी'ची चिठ्ठी. सगळं पिशवीत भरलं. मुनीरभाईंनी हात हातात घेतला. मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी 'जावा' म्हणायच्या आधी आपणच 'जातो' म्हणावं, तेवढी तरी इज्जत राहील, असं ठरवलं होतं.

"साहेब, जातो मी."

साहेबांनी मान वर केली.

"काय म्हनालास?"

"जातो. टेबल साफ केलंय."

साहेबांनी पेन आपटलं. असा आवाज मी कोर्टातही ऐकला नव्हता.

"जातो? भरल्या हापिसातनं उठून जातो म्हनालाईस? येतो म्हनायला जीभ झडतीया व्हय रं तुझी? आणि पिशवीत काय कोंबलाईस, आं? वळू चारा घेऊन पळाल्यागत कुठं निघालाईस, बेण्या!"

मी पिशवी खाली ठेवली.

"साहेब, परत म्हणा."

"काय परत?"

"शेवटचं. ते परत म्हणा."

"बेण्या! बेण्या! हजारदा म्हनतो, बेण्या! तीन आठवडे ह्यो शब्द गिळून गिळून माझं पोट बिघडलंय! तुझ्या आईनं भरल्या ताटावरनं उठवलं मला. चूक माझीच. आईबापासमोर पोराला असं बोलू नये, म्हनून ठरवलं सवयच मोडायची. आज तुझा बाप आला, तर जयेशराव म्हनताना माझ्या तोंडाला फेस आला. आणि तू वर जातो म्हनालाईस?"

त्यांनी ड्रॉवर ओढला. काहीतरी माझ्या छातीवर आपटून खाली पडलं. काळ्या दोऱ्यात ओवलेली चावी.

"उद्या साडेनऊला कुलूप काढून ठेव. आणि ते ट्रॅक्टरचे बूट घाल, काय घालायचं ते घाल!"

मागे मुनीरभाई मोठ्याने नाक शिंकरत होते. मी चावी उचलली, जिन्यात आलो आणि घरी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"आई! साहेबांनी लय शिव्या घातल्या!"

आईचा आवाज चढला. "परत? आनि बाप तर बोल्ला देवमानूस हाय! थांब, आथा मीच येते तिथं. आनि तू हसतंस कशाला रे? का रडतंस?"

"गोडाचा काहीतरी कर आई," मी म्हटलं. "मी येतो."